वन्संचा मठ

आमच्या वन्संना कधी एका जागी बसलेलं पाहिलंय, असं सांगणारं माणूस अख्ख्या नेरूळमध्ये सापडायचं नाही. बेलापूरच्या सरकारी कचेरीतली नोकरीसुद्धा त्यांनी, मला वाटतं, उभ्यानंच केली असावी. चहा घेतात तो गॅलरीत फेऱ्या मारत, आणि फोनवर बोलता बोलता खाली भाजीवाल्यापर्यंत जाऊन येतात. अशा बाईनं निवृत्तीनंतर प्रेमात पडावं ते कुणाच्या? तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती जोगिणींच्या, ज्या एकदा मठात शिरल्या की मरेपर्यंत उंबरा ओलांडायच्या नाहीत!

"अगं, सुरुवातीला मठबिठ काही नव्हतंच," पोळ्या लाटणाऱ्या माझ्याभोवती प्रदक्षिणा घालत त्या सांगतात. "विधवा, लग्न न केलेल्या मुली आपापल्या घरीच व्रत घेऊन राहायच्या. मग एखादी पैसेवाली विधवा आपलंच घर उघडायची, की झाला मठ!" एका मठात कुणाच्या कपाटाला कुलूप नसायचं, म्हणून यांनीही आपल्या कपाटाचं काढून टाकलं. जेवताना एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी मुकाट्यानं जेवायचं, हाही तिथलाच नियम. आमच्याकडे मसालेभाताच्या पंगतीत त्यांनी उभ्यानं वाचन लावलं आणि माझ्या जावयानं मीठ मागितलं तर डोळे वटारले.

आम्ही पोट धरून हसलो. वन्संना मात्र ते खरंच हवं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आपल्या फ्लॅटमध्ये चारपाच जणींनी मिळून म्हातारपण काढावं, एवढीच इच्छा. भजनी मंडळात सगळ्यांना विचारून झालं. आली ती एकटी शेजारच्या शिरवणे गावातली मैत्रीण, मुलांची चार मजली इमारत सोडून, एक पिशवी घेऊन. "माज्याशी घरान कोन बोलतंय?" ती मला म्हणाली. "इथं तं जेवताना बोलाचंच नाय, तरी बरं वाटतं."

आठवड्याच्या आत मुलगे गाडी घेऊन हजर. "काकी, लोक काय बोलतील? पोरांनी आयशीला टाकली बोलतील ना!" मैत्रीण मान खाली घालून गेली. तिची पिशवी वन्संनीच गाडीपर्यंत नेली.

परवा दुपारी मी गेले तर ताट वाढलेलं, शेजारी पुस्तक उघडं, आणि वन्संच्या येरझाऱ्या चाललेल्या. "वाचायला लागले तर जेवायचं कुणी? आणि जेवायला बसले तर वाचणार कोण गं?"

मी पुस्तक उचललं आणि वाचायला लागले. वन्सं ताटावर बसल्या. ताटातलं संपलं तरी उठल्या नाहीत. मग मीही वाचत राहिले.