पुंजण्यावरची उडी

धानाचं पुंजणं रचून झालं की त्याला शिडी लावायची नाही, ही आमच्याकडची रीत. कापलेल्या धानाचे भारे गोल रचत वर नेतात, लोंब्या आत, बुडखे बाहेर. म्हणजे चुरणा, अर्थात मळणी, होईपर्यंत अवकाळी पाऊस आला तरी दाणा भिजत नाही. माथ्यावर उभं राहून शेवटचे भारे लावणाऱ्याने मग उतरायचं कसं? शिडी टेकवली तर कडेचे भारे सरकतात आणि त्या फटीतून पाणी शिरतं. म्हणून खाली तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग टाकतात आणि तो माणूस वरून उडी मारतो. बाया ओरडतात, पोरं टाळ्या पिटतात. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात मला आठवतं तेव्हापासून ही उडी माझे बाबाच मारत आले.

बाबांना सगळे पत्रकवाले म्हणत. आठवडी बाजारात ते पत्रकं वाटायचे. मजुरीवर, दारूवर, अंगात येण्यावर, साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्यावर. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी ठाऊक झालं. चिवडेवाला त्याच कागदांत पुड्या बांधायचा. बाबा म्हणत, "बांधू दे ना. खाऊन झाल्यावर तरी वाचतीन." त्यातलंच एक मला अजून पाठ आहे: हाड मोडलं तर बांधणाऱ्याकडे नको, दवाखान्यात चला!

बाबांनी शेवटची उडी मारली त्या हंगामात तणीस कमी होती. गावात हार्वेस्टर फिरू लागल्यापासून निम्मी तणीस शेतातच चुरा होऊन पडते. ढीग पातळ होता, तो सगळ्यांनी पाहिला होता आणि कुणी काही बोललं नाही. बाबा पडले ते उभेच, उजव्या टाचेवर. "पायावर पडला म्हणून वाचला," असं म्हणत चौघांनी त्यांना उचललं आणि पाय आखडू नये म्हणून खळ्यातल्या खळ्यात चालवलं. मोडलेल्या टाचेवर चालवलं!

मी तेव्हा भंडाऱ्यात नोकरीला होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले आणि आईसोबत त्यांना पवनीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. टाचेचं हाड आतून पावासारखं असतं, म्हणाले, दाबलं गेलं की चेपतं. पण लगेच नागपूरला गेलात तर आता मोठी चिरफाड लागत नाही. बोटभर चीर घेतात, मशीनमध्ये बघत बघत बसलेलं हाड वर उचलतात आणि बारीक छिद्रांतून स्क्रू घालतात. "उशीर केला तर हाड तसंच जुळायला लागतं. मग छोट्या चिरेतून ते हलत नाही."

मी तिथूनच नागपूरची गाडी बघायला लागले. बाबा म्हणाले, "घरी चाल."

"काहून?"

"चुरणा कोन करन? ऑपरेशन केलं तर महिनोनमहिने खाटेवर. लाखांदूरकडं एक बांधनारा हाये, तो चुरण्याच्या आत उभा करते म्हणते."

"बाबा, तुम्ही पत्रकं वाटलीत याच्यावर!"

"माहीत हाये मले."

आईने माझा हात दाबला. मी तो झटकला आणि रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या जोरात भांडले. उपयोग झाला नाही. घरी परतलो आणि शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही लाखांदूरकडे निघालो. बांधाची वाट सुटून डांबरी लागेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला बाबा दात आवळत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर दया आली असती.

बांधणाऱ्याने त्यांना ओळखलं. त्याच्या अंगणात हात-पाय धरून बसलेली माणसं होती. तो मोठ्याने म्हणाला, "अरे, पत्रकवाले! या, या. आता तुमचं पत्रक काय म्हनते जी?"

सगळे हसले. बाबाही हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. बांधणारा वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना पाणी दिलं, पाठ टेकायला पोतं दिलं. मग गरम लेप थापला आणि बांबूच्या कांबट्या लावून पाय करकचून बांधला.

त्या बांधणीखाली पाय सुजत गेला. आठवड्यानंतर घोट्याखाली पाण्याचे फोड आले, काही काळे. एका सकाळी बाबांनी स्वतःच कांबट्यांची दोरी विळ्याने कापली आणि मला भंडाऱ्याला फोन केला. "ये माय. चूक झाली," एवढंच बोलले.

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पाय बघितला आणि फोडांभोवतीची कातडी बोटाने दाबून पाहिली. फोड सुकेपर्यंत थांबावं लागलं. मोठी चीर घ्यायची तर कातडी खराब, त्यात बाबांना तंबाखूच्या खर्ऱ्याची सवय. जखम भरणार नाही, सडेल. छोटी चीर हाच मार्ग होता, पण हाड एव्हाना तसंच जुळून आलं होतं. "जेवढं उचलता येईल तेवढं उचलू," त्या म्हणाल्या. "लवकर आला असता तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला ते पूर्ण ऐकायचं होतं. कुणीतरी ते बाबांना मोठ्याने ऐकवावं असं वाटत होतं.

कमरेतून सुई दिली होती, बाबा जागे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "टीव्हीवर आपली टाच पाह्यली मी. तलावाचा काठ खचते ना, तशी." चीर खरंच बोटाएवढी होती. ती सुरेख भरली. भेटायला येणारे तीच बघत आणि म्हणत, एवढंसंच? मग तर काहीच नाही!

काहीच नाही कसं? सपाट रस्त्यावर बाबा चालतात. पण पाय वर-खाली होत असला तरी डावीकडे-उजवीकडे कलायचा थांबला, आणि धुरा कधी सपाट असतो? दोन बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला, तो अरुंद, गवताळ, खेकड्यांनी पोखरलेला बांध. पावसाळ्यात रोवण्याच्या वेळी ते त्यावर चढले, चार पावलं गेले आणि चिखलात बसले. मी हात पुढे केला. तो न घेता हातांवर सरकत ते रस्त्यापर्यंत आले. रोवणाऱ्या बायांनी वाकलेल्या माना वर केल्या नाहीत. त्यांनी मुद्दामच केल्या नाहीत.

मी एकदा विचारलं, का गेलात त्याच्याकडे? म्हणाले, "पत्रक दुसऱ्यासाठी असते, बाई. दुखते तवा मानूस आपल्यासारख्यायकडं जाते." या उत्तरावर मी आजही चिडते. पुन्हा ते पत्रक काढा, म्हटलं, खाली तुमचं नाव घाला. त्यांनी काढलं नाही.

यंदाचं पुंजणं माझ्या चुलतभावाने रचलं. बाबा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून भारे कसे लावायचे ते ओरडून सांगत होते. शेवटचा भारा बसला. भाऊ माथ्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"शिडी लाव," बाबा म्हणाले.

बाया हसल्या.

"शिडी लावा रे!"

"काका, पुंजणं बिघडते ना शिडीनं," भाऊ वरून म्हणाला. "तुमीच शिकवलं."

"बिघडू दे! भिजू दे धान!"

कुणी हललं नाही. बाबा खुर्चीतून उठले आणि शेताकडे निघाले. धुऱ्यापाशी थांबले. पाय उचलला, तिरप्या गवतावर टेकवून पाहिला आणि मागे घेतला. मग माझ्याकडे वळले.

"तणीस टाक, माय. आहे तेवढी टाक."

मी गोठ्यातली गुरांची तणीस कवेत भरून आणली आणि पुंजण्याखाली टाकली. आई आली, तीही टाकू लागली. "बस झालं, बस झालं," भाऊ वरून हसत होता.

"अजून," बाबा रस्त्यावरून म्हणत होते. "अजून टाक."