उकळून आणलेले पाणी

पाणी तपासण्याच्या या कामात मी वयाने उशिराच आले. अजून शिकतेच आहे. सकाळी एक बाई आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन आल्या. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी झाल्यापासून त्या पाण्याला औषधाचा वास येत होता, आणि त्यांची गरोदर सून तेच पाणी पीत होती.

मी बाटली उघडली. वास नव्हता.

"चांगलं खळखळून उकळलंय, ताई. फडक्यानं गाळलंय. वासाचं पाणी तुमच्या हातात कसं द्यायचं?"

"विहिरीतलं दुसरं आणता येईल?"

"विहीर तर परवाच उपसली की! हे त्याआधीचं; आता तसलं पाणी उरलंय कुठं?"

तरीही मी पाण्यात द्रावक ओतला आणि तोटीचे काचेचे नरसाळे हलवले. पाण्यात दडलेले औषध द्रावक स्वतःकडे ओढून घेतो. पण चुलीवरून वाफेबरोबर गेलेले तो कोठून आणणार? परक्यापुढे आपण दुःखही असेच निवळून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही सापडत नाही.

नरसाळ्यात दोन थर हळूहळू वेगळे झाले. दोन्ही नितळ होते.

"स्वच्छ दिसतंय ना?" त्यांनी आशेने विचारले.

"दिसतंय," मी म्हणाले. माझेही उत्तर गाळूनच बाहेर आले.