बूट शनिवारी मिळतील

सुलूताईने माझे बूट पळवले आणि काल सकाळी ती गेली.

झोपेतच. सहासष्ट वर्षांची होती. दुखणं नाही, खुपणं नाही. मंगळवारी सकाळी मुलुंडच्या मैदानावर उभी राहून माझ्यावर ओरडत होती, "खांदे पाड गो, खांदे!" आणि बुधवारी सकाळी तिच्या मुलाचा, नितीनदादाचा फोन.

हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ती माहीत नाही म्हणून सांगते. सुलूताई माझी कोच. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाली आणि रोज सकाळी नाहूरहून मैदानावर यायला लागली. कॉटनची साडी, खाली स्पोर्ट्स शूज. मुलींना धावायला शिकवायची. एखाद्या मुलीच्या घरचे नको म्हणाले, तर त्यांच्या घरी जाऊन बसायची आणि हो म्हणेपर्यंत उठायची नाही.

माझ्या पप्पांनी तिसऱ्या चहाला हात टेकले.

येत्या रविवारी माझी दहा हजार मीटरची सिलेक्शन ट्रायल आहे. पहिल्या दोघी नॅशनलला जाणार.

गेल्या वर्षी मी सातवी आले होते.

त्याचं खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ताईने शेवटचे दिवस आराम करायला सांगितलं होतं आणि मी गुपचूप जाऊन पंधरा किलोमीटर धावून आले. भीती वाटत होती, बसून बसून पाय जड झाले तर? वाट लागली. रेसमध्ये सहाव्या किलोमीटरला पोटरी धरली. ताईला सांगितलं, ऊन बाधलं.

तिने फक्त माझ्या बुटांकडे बघितलं. बोलली काहीच नाही.

बोलली ती या वर्षी, दहा दिवसांपूर्वी. प्रॅक्टिस संपली आणि तिने समोर कापडी पिशवी धरली.

"बूट काढ."

"काय?"

"काढ आणि हेच्यात टाक. आजपासून हे माझ्याकडे रवतले."

ताई मूळची तळकोकणातली. चिडली किंवा लाडात आली की मालवणी बोलायची. त्या दिवशी दोन्हीतलं कुठलं होतं, मला कळलं नाही. तिचीच जुनी चप्पल घालून मी घरी गेले.

आई हसून हसून वेडी झाली. "लग्नात नवऱ्याचे बूट पळवतात, आमच्याकडे नवरीचेच गेले!"

मग रोज तेच. ती पिशवीतून बूट आणायची, ती सांगेल तेवढीच मिनिटं मी हळूहळू धावायचे, की बूट परत जमा. उरलेला दिवस ते तिच्या कपाटात, साड्यांखाली. बुटांना डांबरगोळ्यांचा वास यायला लागला. मी जाम वैतागले होते. तेवीस वर्षांची घोडी मी, आणि माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही?

मंगळवारी शेवटची प्रॅक्टिस. मैदानाला चार राऊंड, मग बंद. त्यानंतर थेट शनिवारी सकाळी वीस मिनिटं. त्या दिवशी पाय इतके हलके झाले होते की थांबवत नव्हतं.

"ताई, अजून दोनच राऊंड. प्लीज ना."

तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःचं सांगितलं. एवढ्या वर्षांत कधी बोलली नव्हती. तीही एकदा अशाच ट्रायलपर्यंत पोचली होती. रेस रविवारची, आणि गुरुवारी प्रॅक्टिसला अशी सुटली की सगळं मैदान बघत राहिलं. तिच्या आयुष्यातलं बेस्ट टायमिंग. रविवारी पायांत काही उरलंच नव्हतं.

"माझी सगळ्यात चांगली रेस गुरुवारी झाली गो," ती म्हणाली. "तिका मेडल नसता."

मीही गेल्या वर्षी गुरुवारीच धावले होते. तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं.

"धावाक सगळ्यांका येता. थांबाक येवक व्हया."

मी मुकाट बूट काढून पिशवीत टाकले.

"शनिवारी गावतले," म्हणाली. म्हणजे मिळतील. आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

काल तिला पोचवून आल्यावर मला जेवण नको होतं, माणसं नको होती. फक्त धावायचं होतं. रडूही येत नव्हतं, नुसते पाय शिवशिवत होते.

आज सकाळी नाहूरला गेले. खोटं कशाला बोलू, ताईच्या घरच्यांना भेटायला गेले होते आणि बूट मागायलाही. दारात चपलांचा ढीग. आत नितीनदादा भिंतीला टेकून बसला होता.

"बूट न्यायला आलीस ना?"

"नाही रे दादा, सहजच..."

सुतकाच्या घरी कोणी सहज येतं का? पण तोंडातून तेच निघालं.

तो उठला. कपाटातून पिशवी घेऊन आला. मी हात पुढे केला. त्याने पिशवी उघडून मला बूट दाखवले आणि परत बंद केली.

"बघितलेस? नीट आहेत. आईने मंगळवारीच बजावलंय मला. म्हणाली, मी घरात नसताना ती येईल, रडेल, पाया पडेल. शनिवारच्या आधी द्यायचे नाहीत." त्याने पिशवी मागे घेतली. "आज गुरुवार आहे."

मला तोवर रडू फुटलंच होतं. त्यालाही. आणि मग, काय सांगू, आम्ही दोघं हसलो. त्या घरात, चार माणसांच्या देखत.

"शनिवारी सहाला ये. दार उघडं ठेवतो," म्हणाला, आणि पिशवी परत साड्यांखाली ठेवून आला.

माझे जुने बूट आहेत घरात. झिजलेत, पण धावता येईल. दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलेय. आता संध्याकाळ झाली.

ताई, तुझ्यासाठी हार-फुलं काही आणली नाहीत मी. माझ्याकडून एवढंच ठेवून घे.

आज गुरुवार आहे, आणि मी धावले नाही.