पिशवीची आतली बाजू

सुमनवहिनी गेली तेव्हा मी पोस्टात होते. पार्सल काट्यावर होतं, काउंटरवरचा माणूस वजन लिहीत होता आणि शेजारच्या हंसाबेन घरातल्याच चपलांवर धापा टाकत आल्या. त्यांनी माझा दंड धरला. मला कळलं. तरी पावती हातात पडेपर्यंत मी जागची हलले नाही. कुणाला काय वाटायचं ते वाटो... पावती न घेता परत आलेलं वहिनीला चाललं नसतं. काविळीचं निमित्त झालं, आठवडाभर ती इस्पितळात होती. आदल्या संध्याकाळी डोळे न उघडताच तिने विचारलं, "परभणीचं गेलं का?" मी म्हटलं, "उद्या टाकते." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. त्याला आता पाच आठवडे झाले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. शांती नगरमधल्या आमच्या वन रूम किचनमध्ये ती तान्ह्या बाळांची झबली-टोपडी शिवायची आणि मराठवाड्यातल्या ओळखीच्या बायकांना पोस्टाने पाठवायची. तेव्हा पार्सल कापडात शिवून, वर लाखेचे शिक्के मारून द्यावं लागे. त्यासाठी कोरं मांजरपाट आणणं तिच्या जिवावर यायचं. भाजीवाल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट मिळू लागल्या होत्या आणि घरोघरच्या कापडी पिशव्या माळ्यावर जाऊन पडल्या होत्या. पाण्याच्या टँकरची वाट बघत बायका खाली उभ्या असल्या की ही प्रत्येकीला विचारणार, "भाभी, पुरानी थैली है क्या? फेकना मत हाँ." कुणी भेटायला फळं घेऊन आलं तर हिचं लक्ष फळांकडे नसून पिशवीकडे! मला लाज वाटायची. मग ती पिशव्या धुऊन उसवायची, छापलेली बाजू आत घालून दाभणाने पार्सल शिवायची. आत दुकानांची नावं, साड्यांच्या जाहिराती, कुणाच्या लग्नाची तारीख. वरून मात्र स्वच्छ पांढरं. पर्यावरण वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी आले नाहीत. तिला वाया गेलेलं बघवत नसे, आणि बाळांच्या कपड्यांना प्लॅस्टिकचा वास लागलेला तर मुळीच खपत नसे.

नव्वद साल उजाडायच्या सुमारास मी तिच्याकडे आले. माझं लग्न दीड वर्षात मोडलं होतं. बिल्डिंगमध्ये मात्र मी ‘माहेरपणाला आलेय’ असं सांगत होते. चार महिने झाले, सहा झाले, माझं माहेरपण काही संपेना. वहिनीने कधी कुणासमोर मला खोटं पाडलं नाही. माझं अक्षर बरं म्हणून तिने पत्ते लिहायचं काम माझ्याकडे दिलं, आणि ‘प्रेषक’ म्हणून तिचं नाव मी लिहीत गेले.

एक दिवस परभणीच्या कदमबाईंचं कार्ड आलं. या तिच्या जुन्या गिऱ्हाईक. कार्ड मीच वाचलं. ‘आपल्या घरी मंगल कार्य झाल्याचे पिशवीवरून कळले. आम्हास बोलावणे नव्हते याचा राग नाही. नवदांपत्यास अनेक आशीर्वाद.’ मी ते पुन्हा वाचलं. माझ्या लग्नात पाहुण्यांना वाटायला छापलेल्या पिशव्या उरल्या होत्या. वर लाल अक्षरांत ‘मंगल परिणय’ आणि खाली आमची दोघांची नावं, माझं माहेरच्या आडनावासकट. कापड कमी पडलं म्हणून वहिनीने पलंगाच्या खणातलं त्या पिशव्यांचं बोचकं उघडलं होतं. बाईंनी झबली काढली आणि आतली बाजू वाचली.

मी तिच्यावर नको ते ओरडले. "माझी अब्रू गावोगाव वाटतेस? जड झाले असेन तर तोंडावर सांग!" ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं. मला वाटलं, आतली बाजू कोण वाचतंय." तिसऱ्या दिवशी तिने कोरं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"लिही."

"तूच लिही."

"नाव तुझं आहे. मी काय लिहू?" आणि मग तीच सांगू लागली, "ताई, पिशवी जुनी होती. लग्न मोडलं..." माझा हात थांबला. तो शब्द मी तोवर कुणाजवळही उच्चारला नव्हता. वहिनी दाभणात दोरा ओवत होती. "रडायलीस कशाला? एका शब्दाचं तर काम आहे." मी लिहिलं. मग म्हणाली, खाली सही तूच कर. मी खरंच विचारलं, "आडनाव कुठलं लिहू?"

"ते मी कसं सांगणार? पण लवकर ठरव. पोस्ट तीनला बंद होतं."

त्या रडण्यातही मला हसू आलं. मी वडिलांचं आडनाव लिहिलं. त्या दिवसापासून प्रत्येक पार्सलवर प्रेषक म्हणून माझं नाव जाऊ लागलं. कदमबाईंचं उत्तर आलं नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांची नेहमीपेक्षा मोठी ऑर्डर आली. त्या बोचक्याला वहिनीने पुन्हा हात लावला नाही. वर्षभराने मीच त्या पिशव्या उसवून तिच्या पुढ्यात टाकल्या. दिवाळीपर्यंत सगळ्या संपल्या.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी करतात त्या कार्यक्रमाला, गावाहून काका आले होते. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रज्ञाला आता मी गावी नेतो. सुमन होती तोवर ठीक होतं. आता तिचं इथं काय?" दादा मान खाली घालून बसला होता. इतकी वर्षं असल्या बोलण्याला वहिनी परस्पर उत्तर द्यायची. मी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं... तिथे कुणी नव्हतं. मग माझी मीच बोलले. "काका, माझं लग्न मोडलं त्याला आता किती वर्षं झाली! मी इथलीच आहे. शिवणही मीच चालवणार." दादाने मान वर केली आणि म्हणाला, "काका, ती कुठे जाणार नाही."

संध्याकाळी पाहुणे गेले. दार लावायला गेले तर कडीला दोन धुतलेल्या कापडी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या. वहिनी गेल्याचं बिल्डिंगमध्ये एकूणएक घराला ठाऊक होतं. वहिनी गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तिथे उंबऱ्यातच आलं. कुणी ठेवल्या ते मी अजून विचारलेलं नाही. पण जिने ठेवल्या, तिने मी इथेच राहणार हे धरूनच ठेवल्या होत्या.