सुतळीतली गाठ

माझा स्वभाव संशयी आहे. हे मला सासरी येण्याआधीपासून ठाऊक होतं, सासरच्यांना नंतर कळलं. वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली मी लग्न होऊन कल्याणच्या पलीकडच्या गावात आले. तिथल्या शेतावर आता सात मजल्यांची इमारत उभी आहे. दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो आणि मागच्या भिंतीला लागून, पार्किंगच्या शेजारी, सासऱ्यांचा गोठा आहे. सोसायटीतले लोक वासाबद्दल कुरकुरतात, पण जमीन मुळात सासऱ्यांची असल्यामुळे तोंडावर कोणी बोलत नाही.

गोठ्यात एक म्हातारी गाय आणि एक जर्सी जातीची कालवड होती. कालवडीची आई पहिल्याच वेताला, हिला जन्म देताना गेली. वासरू अंगाने फार मोठं होतं, नशीब तिचं, असं सासरे म्हणाले आणि तो विषय तिथेच संपला. माझ्या मनात मात्र तो संपला नाही. त्या गाईला वेळेआधी भरवली, म्हणजे अंग भरायच्या आत गाभण करवली असणार, असा माझा पक्का ग्रहच झाला होता. हिला बाटलीने दूध पाजून मी वाढवली. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर, साडीवर लाळ घेऊन. मार्केटमधून फ्लॉवरचा पाला आणला की ती माझ्या पिशवीत आधी तोंड घालायची, सासऱ्यांच्या नाही. त्याचा मला फार अभिमान होता.

वर्षाची होऊन काही महिने गेले आणि ती पहिल्यांदा माजावर आली. दिवसभर हंबरली, चारा टाकला तरी वास घेऊन सोडला, म्हाताऱ्या गाईवर चढायला लागली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, वय बघू नका, अंग बघा. अडीचशे किलोच्या आसपास भरली की मग भरवा, तोवर दर एकवीस दिवसांनी येणारे माज सोडून द्या. मी ठरवलं, तोवर कोणी हिला हात लावायचा नाही. कोणी म्हणजे सासऱ्यांनी.

कारण तेव्हापासून त्यांचं वागणं मला ठीक वाटेना. कधी नाही ते स्वयंपाकघरात येऊन कॅलेंडरसमोर उभे राहायचे. गोठ्यात मी गेले की फोन खिशात टाकायचे. एकदा डबा विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेतून परत आले, तर ते कालवडीच्या छातीभोवती सुतळी गुंडाळत होते. मला बघताच त्यांनी ती पत्र्याखालच्या वाशावर टाकली आणि उगीचच झाडू हातात घेतला. विकायला काढली की काय, हा माझा पहिला विचार. दुसरा त्याहून वाईट: मी ऑफिसात असताना इंजेक्शन देऊन भरवून टाकणार.

म्हणून मी एक उद्योग केला, जो आज सांगताना लाज वाटते. कॅलेंडरवर पुढच्या माजाची खूण मीच करत असे. ती आठ दिवस पुढे सरकवून करायला लागले. त्या तारखेला डॉक्टर आणला तरी कालवड शांत असेल, इंजेक्शन फुकट जाईल आणि माझी कालवड वाचेल. दोन माज असे गेले. मी स्वतःवर खूश होते.

तिसऱ्या खेपेला रविवार होता. सकाळीच कालवड हंबरायला लागली आणि मी चहा ठेवते आहे तोच खाली डॉक्टरांची मोटारसायकल थांबली. कॅलेंडरवरची खूण पुढच्या सोमवारची होती. चहा तसाच गॅसवर सोडून मी जिना उतरले आणि कालवडीच्या पुढ्यात उभी राहिले.

"बाबा, आज नाही. तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हंबरणाऱ्या कालवडीकडे. "तुज्या खुना खोट्या हान, मना पयल्या दिवसालाच कललं. जनावर समोर बोंबलतंय, कॅलेंडर कोन बघतं?"

डॉक्टर हसू दाबत टेप उलगडायला लागले; सासऱ्यांनी फोन करून त्यांना फक्त मोजायला बोलावलं होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी वाशावरून सुतळी काढली आणि कालवडीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती फिरवली. सुतळीत एक गाठ होती, हाताळून काळी पडलेली. टोक त्या गाठीपर्यंत पोचलं नाही, कालवडीची छाती त्या मापापेक्षा चार बोटं जास्त भरली.

"ही गाठ हिच्या आयची हाय," ते म्हणाले. "एवढी व्हती तवा भरवली मी. सगले सांगत व्हते थांब, नाय थांबलो."

बोलता बोलता त्यांनी अंगठ्याने ती गाठ चाचपली. ती सुतळी त्यांनी तेव्हापासून जपली होती आणि मी तिला विक्रीचं माप समजले होते.

डॉक्टरांनी टेपने छाती मोजली आणि त्यावरून वजनाचा अंदाज काढला. वजन जेमतेम भरतंय, म्हणाले, आज भरवली तरी हरकत नाही, आणखी थांबलात तर उत्तमच. सासरे म्हणत होते, चार बोटं काय कामाची, वीतभर तरी फरक पाहिजे. मग सुतळी त्यांनी माझ्या हातात दिली.

"मना आता माजा भरोसा नाय, पोरी. तुज्या हातानं वाडली, तू सांग."

इतके महिने मी त्यांच्यापासून तिला वाचवत होते. आता वाचवायचं कोणापासून, ते कळेना. कालवड माझा पदर चघळत होती. मी म्हटलं, हा माज सोडू, पुढचाही सोडू, मग पुन्हा मोजू. सासऱ्यांनी मान हलवली आणि डॉक्टर चहाला वर आले. पातेल्यातला चहा उतू जाऊन गॅसवर सांडला होता, मी पुन्हा आधण ठेवलं.

त्या दिवशी मी कॅलेंडरवरची सोमवारची खूण खोडली आणि रविवारच्या चौकोनात नवी, खरी खूण केली. तेव्हापासून दर वेळी खरीच करते. सासरे येतात, चष्मा लावून ती नीट वाचतात, आणि मग खाली गोठ्यात जाऊन स्वतः बघून येतात.