मामांनी पक्का करून दिलेला कॉम्प्युटर

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

तीन महिने मी किट आणून जुन्या काळातला कॉम्प्युटर घरी जोडतेय. त्यातली एक चिप म्हणजे त्याची सगळी अक्कल. नवा प्रोग्राम घालायचा तर ती सॉकेटमधून काढायची, भरायची आणि परत बसवायची. म्हणून ती सुटीच ठेवतात.

आज सकाळी एक वायर हलायला लागली. मंगळवार पेठेत माझ्या मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. "एवढी वायर बघा," म्हटलं आणि भाजी आणायला गेले.

परत आले तर वायर झाली होती. शिवाय सॉकेट काढून टाकून मामांनी ती चिप थेट बोर्डाला सोल्डर केली होती.

"लूज हुती की गं. आता पंचगंगेत टाकलंस तरी हलायची न्हाय."

सोल्डरिंग इतकं सुबक होतं की अजूनच संताप आला. सॉकेट काढताना बोर्ड एकदा तापलाय, आता चिप उपटायला परत तापवला तर बोर्डच जाणार. आणि त्या चिपमध्ये आहे काय? परवा चाचणीपुरती टाकलेली एक ओळ: या पावणं, बसा. माझा कॉम्प्युटर आता जन्मभर एवढंच म्हणणार.

न विचारता मदत करणाऱ्या घरच्या माणसावर तुम्ही तोंडावर चिडू शकता का? मला नाही जमलं. दात-ओठ खात मी म्हणाले, "छान झालं, मामा."

मामा खूश. म्हणाले, "दुसरं किट आण, त्ये बी पक्कं करून देतो."