अप्पांनी मोजून दिलेली माणसं

भरतीच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, "मनीषा, तुझ्या बीडचा एक होऊन जाऊ दे!" आता सगळे हसतात, मीही हसते. पण घडत होतं तेव्हा मला जराही हसू येत नव्हतं, हे आधीच सांगते.

* * *

मी अंबाजोगाईला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. दुष्काळ असा, की ऊसच नाही, म्हणून सहकारी कारखान्याचा हंगामच झाला नाही. माझे वडील, अप्पा, ऊसतोडीचे मुकादम. टोळ्या जमवून कारखान्यावर न्यायचं त्यांचं काम. त्या वर्षी ते ओट्यावर बसून होते. आता मला नोकरी लागली तरच घर चालणार होतं.

अशात कॉलेजात पुण्याची एक कंपनी मुलाखतींना आली. माझ्या आधी वर्गातला संदीपान. साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

संदीपान प्रामाणिकपणे म्हणाला, "पावसावर हाय, सर!"

त्याला घेतलं नाही. मी इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं, तर मलाही घेतलं नाही! पण संदीपानसारखा पोरगा हातचा सोडला, याचा मला भयंकर राग आला. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आपण बसायचं, हे मी तिथेच ठरवलं.

* * *

मग पुण्यातल्या एका भरती एजन्सीने फोनवर मुलाखत ठेवली. आमच्या गावात रेंज फक्त देवळाच्या पारावर, आणि टँकरही तिथेच यायचा. नेमका तेव्हाच आला. तिकडून एजन्सीच्या शिल्पा मॅडम विचारतायत, "ताणाखाली काम करू शकाल?" आणि इकडून आई ओरडतेय, "मने, पाइप धर, पाइप!"

मी मान वाकडी करून फोन दाबला, पाइप घागरीत धरला आणि म्हटलं, "हो, मॅडम!"

"तिकडे भांडणं चाललीत का?"

"नाही मॅडम, पाणी भरतोय."

गेली नोकरी, असं वाटून माझं पाइपाकडे लक्षच राहिलं नाही. निम्मं पाणी पायावर सांडलं. मग मॅडम म्हणाल्या, "आधी भरून घ्या. मी थांबते."

तीन महिने काम बघून मग ठरवू, या बोलीवर मला घेतलं.

* * *

पहिलंच काम, एका गोदामासाठी पॅकिंगला माणसं. मी अप्पांना फोन केला, "बारावी झालेली पोरं पाठवा." ठरल्या दिवशी ऑफिसबाहेर रांग लागली, आणि प्रत्येक पोराबरोबर त्याची बायको!

मी घाबरून अप्पांना विचारलं, तर तेच माझ्यावर खेकसले, "एकट्याला कोण नेतंय? आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात! तुमच्यात का बरं न्हाई?"

शिल्पा मॅडमनी रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आल्यात तर त्यांचीही मुलाखत घ्या."

दोन घरांतल्या बायका निवडल्या गेल्या, नवरे नापास! त्या नवऱ्यांनी अप्पांना फोनवर काय काय ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

* * *

नंतर उमेदवाराच्या ओळखीच्या माणसाकडे फोनवर चौकशी करायचा नियम आला. बघते तर गावाकडच्या प्रत्येक पोराने एकाच माणसाचं नाव दिलेलं, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन. कुणाचंही नाव घ्या, चेअरमन म्हणणार, "लई गुणाचं पोरगं! आपल्या डोळ्यांसमोर वाढलंय."

मॅडमना संशय आला. त्यांनी मला चेअरमनना स्पीकरवर फोन लावायला सांगून स्वतःचंच नाव पुढे केलं.

"शिल्पा? लई कष्टाळू पोरगी हो! बाप बी आपल्याच गटातला."

मॅडमचे वडील नागपूरला बँकेत होते. मॅडम हसल्या नाहीत. माझी सगळी यादी त्यांनी परत पाठवली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून फोन करत बसले.

* * *

तीन महिने संपत आले. चाकणच्या एका कंपनीत सोमवारी दहा पोरं हजर करायची होती. सगळी केज तालुक्यातली, सगळी "येतो मॅडम" म्हणालेली. शनिवारी एकाचाही फोन लागेना.

शिल्पा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोमवारी माणसं आली नाहीत, तर मला तुला ठेवता येणार नाही." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी अप्पांना फोन लावला आणि रडूच फुटलं. ते एवढंच म्हणाले, "नावं अन् गावं सांग." नांदूरघाटपासून सगळी सांगितली. फोन ठेवला गेला.

सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर मी आणि मॅडम. रस्ता मोकळा. वेळ होत आली तरी कुणी नाही. मॅडमनी घड्याळात बघायचंही सोडून दिलं.

तेवढ्यात ऊसतोडीचा ट्रक वळणावरून आत शिरला. वॉचमन धावला, "ए, माल कुठला?"

अप्पा केबिनमधून उतरले. "माल न्हाई, साहेब लोक हायेत!"

मागचा फाळका पडला आणि इस्त्रीच्या शर्टातली पोरं एकेक करून खाली उतरली. अप्पांनी त्यांना ओळीत उभं केलं. "मोजून घ्या, बाई. आमच्यात माणूस मोजून देत्यात."

मॅडमनी मोजली. "अकरा? निवडलेत दहा."

"एक वरचं हाय. बारावी झालेलं. पहिल्या दिशी एक पळतंयच."

"काका, ही कंपनी आहे. इथून कुणी पळत नाही."

"बरं," म्हणत अप्पांनी अकराव्याला वॉचमनच्या बाकावर बसवलं आणि स्वतः ट्रकच्या सावलीत टेकले.

जेवणाची सुट्टी संपली आणि मॅडम जिन्यावरून धावत खाली आल्या.

"मनीषा, ते वरचं अजून बसलंय ना?"